धाप फक्त ओझ्याची नसते

लठ्ठ माणसाला जिना चढताना धाप लागली, तर तिचे कारण शोधायची गरज सहसा कुणाला वाटत नाही. घरचे, शेजारचे, ऑफिसातले आणि बऱ्याचदा दवाखान्यातलेही एका वाक्यात निकाल लावून मोकळे होतात: वजन उतरवा, धाप आपोआप जाईल. हे वाक्य खोटे नाही. वजन उतरल्यावर पुष्कळांचा श्वास सुधारतो, याला भरपूर पुरावा आहे. पण ते अर्धेच खरे आहे, आणि वैद्यकात अर्धे सत्य कधीकधी साफ खोट्यापेक्षा महागात पडते, कारण ते ऐकल्यावर पुढची चौकशी थांबते.

या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. जादा चरबी छातीवर आणि पोटावर भार टाकते, हे खरेच. पण तीच चरबी रक्तात रासायनिक संदेश सोडून शरीरभर एक मंद, वर्षानुवर्षे चालणारा दाह पेटता ठेवते. हा दाह श्वसनमार्गाला बाधतो. आणि बिघडलेला श्वास, विशेषतः झोपेतला, त्या दाहात भर घालतो. भार आणि दाह अशा रीतीने एकमेकांत गुंतलेले आहेत. त्यामुळे लठ्ठ माणसाच्या धापेला सल्ला देऊन भागत नाही, तिचे निदान करावे लागते. आणि वजन व श्वास या दोन्हींवर स्वतंत्रपणे, एकाच वेळी उपचार करावे लागतात. ‘आधी वजन उतरवा, मग बघू’ हा क्रम चुकीचा आहे.

१. भार कुठवर खरा

आधी भाराची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण तिला कमी लेखून काही साधत नाही. शांतपणे श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात काही हवा शिल्लक राहते. ही शिल्लक दोन ओढींच्या तोलावर ठरते. फुफ्फुस आकसू पाहते, छातीचा पिंजरा फुलू पाहतो. पोटात आणि छातीवर चरबी साठली की श्वासपटल वर ढकलले जाते, हा तोल ढळतो आणि शिल्लक घटते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका कॅनडियन अभ्यासात बीएमआय २० असलेल्यांच्या तुलनेत बीएमआय ३० असलेल्यांची ही शिल्लक सुमारे ७५ टक्क्यांवर आलेली दिसली. त्यानंतरही जोर लावून बाहेर टाकता येणारी जी राखीव हवा असते, ती तर ४७ टक्क्यांवर आली होती. गंमत अशी की छाती भरून श्वास घेतल्यावर मावणारी एकूण हवा मात्र बहुतेकांत फारशी घटत नाही. म्हणून नेहमीच्या स्पायरोमेट्रीचा रिपोर्ट पुष्कळदा ‘नॉर्मल’ येतो, आणि रुग्णाला वाटते की आपल्यालाच काहीतरी भास होतोय.

शिल्लक हवा घटली की फुफ्फुसाच्या तळाकडच्या बारीक नळ्या प्रत्येक श्वासागणिक मिटू लागतात. तिथून रक्त वाहत राहते, पण त्याला ऑक्सिजन मिळत नाही. माणूस उताणा झोपला की पोट वर सरकते आणि हे आणखी वाढते. शिवाय श्वास घेण्याची मजुरीही चढते. १९९९ साली अतिस्थूल व्यक्तींवर शस्त्रक्रियेच्या वेळी एक साधे मोजमाप केले गेले. श्वासाचे काम व्हेंटिलेटरने हाती घेतल्यावर त्यांच्या शरीराचा ऑक्सिजनचा खप तब्बल सोळा टक्क्यांनी उतरला; सामान्य वजनाच्या लोकांत तो जेमतेम हलला. म्हणजे ही माणसे निवांत पडलेली असतानाही त्यांच्या ऑक्सिजनचा मोठा वाटा केवळ श्वास चालू ठेवण्यात खर्ची पडत होता. त्यांना ‘जरा हातपाय हलवा’ म्हणणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा.

इथपर्यंत भाराचा सिद्धांत भक्कम आहे. पुढे मात्र तो अडखळतो. कॅनडियन अभ्यासातच दिसते की शिल्लक हवेची सर्वांत मोठी घट सुरुवातीला होते, म्हणजे सडपातळपणाकडून जाडीकडे जाताना. त्यापुढे वजन वाढले तरी आलेख बराच सपाट होत जातो. श्वासाचा त्रास मात्र असा सपाट होत नाही. दुसरे, एकाच वजनाच्या दोघांपैकी एकाची चरबी मांड्या-नितंबांवर असते, दुसऱ्याची पोटाच्या आत, आतड्यांभोवती. आणि श्वासाचे विकार या दुसऱ्याकडे अधिक आढळतात. तिसरे, वजनही तेच, पोटाचा घेरही तोच, तरी एकाला दमा होतो आणि दुसऱ्याला होत नाही. नुसत्या किलोंच्या हिशेबात हे फरक बसत नाहीत.

२. चरबीची पेशी काय सोडते

चरबी म्हणजे जादा उष्मांकांचे कोठार, अशी समजूत विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत शास्त्रातही होती. १९९३ साली गोखान होतामिस्लिगिल आणि ब्रूस स्पीगेलमन यांनी दाखवले की लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हे दाहाचे रसायन तयार होते आणि ते इन्सुलिनच्या कामात आडवे येते. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिन शोधले: चरबीच्या पेशीत बनणारे आणि थेट मेंदूशी बोलणारे संप्रेरक. कोठार समजली जाणारी गोष्ट ग्रंथीसारखी वागते, हे तेव्हा ध्यानात आले.

सूक्ष्मदर्शकाखालचे दृश्य त्याहून बोलके आहे. चरबीची पेशी फुगत जाते तसा तिला होणारा रक्तपुरवठा अपुरा पडतो. काही पेशी मरतात. मेलेल्या प्रत्येक पेशीतला तेलाचा थेंब उचलण्यासाठी रक्तातल्या भक्षक पेशी तिथे येतात, तिच्याभोवती कडे करून बसतात आणि तिथेच मुक्काम ठोकतात. २००३ साली दोन स्वतंत्र गटांनी मोजून सांगितले की सडपातळ शरीरातल्या चरबीत या भक्षक पेशींचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत असते. अतिस्थूल शरीरात ते चाळीस टक्क्यांच्या घरात जाऊ शकते. म्हणजे ज्याला आपण नुसती चरबी म्हणतो, त्यात पेशींच्या संख्येने रोगप्रतिकारक यंत्रणेचा मोठा हिस्सा असतो. या पेशी टीएनएफ आणि आयएल-६ ही दाहाची रसायने सोडत राहतात. रक्तातल्या आयएल-६पैकी अंदाजे एक तृतीयांश चरबीतून येतो, असे मानले जाते. तो यकृताला पोचला की यकृत सीआरपी हे दाह दाखवणारे प्रथिन बनवते. कोविडच्या दिवसांत घरोघरी वाचला जाणारा हाच तो सीआरपी. फरक एवढाच की न्यूमोनियात तो शंभरावर जातो आणि लठ्ठपणात वर्षानुवर्षे तीन ते दहाच्या दरम्यान रेंगाळतो. ना ताप येतो ना कुठे दुखते, त्यामुळे कुणी तो तपासतही नाही. दुसरीकडे, दाह शमवणारे अ‍ॅडिपोनेक्टिन नावाचे संप्रेरक चरबी वाढते तसे घटते.

याचा श्वासाशी संबंध काय? शरीररचनाच उत्तर देते. शरीराच्या कानाकोपऱ्यातून परतणारे सगळे रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला येते आणि तिथून आधी फुफ्फुसात जाते. चरबीतून निघालेली रसायने त्या रक्तासोबत तिथे पोचतातच. त्यातही थेट पुरावा २०१९ साली ऑस्ट्रेलियातून आला. मृत्यूनंतर जतन केलेल्या ५२ जणांच्या फुफ्फुसांची तपासणी झाली, तेव्हा श्वासनलिकांच्या भिंतींतच चरबीच्या पेशी सापडल्या. बीएमआय जितका जास्त, तितकी भिंतीतली चरबी जास्त, भिंत जाड आणि तिच्यात दाहाच्या पेशीही अधिक. बाहेरून दाबणारी चरबी आपण गृहीत धरली होती. श्वासनलिकेच्या भिंतीतच बसलेली ही चरबी वजनकाट्यावर वेगळी दिसणारच नाही.

३. रात्रीचे चक्र

भार आणि दाह एकमेकांना कसे पोसतात, हे झोपेत सर्वांत स्पष्ट दिसते. झोप गाढ होते तसे घशाचे स्नायू सैल पडतात. मान जाड असेल, जिभेच्या मुळाशी चरबी साचलेली असेल, तर घशाची वाट आधीच अरुंद असते. घोरणे चढत जाते आणि मध्येच आवाज बंद पडतो. छाती आणि पोट उलटसुलट हलत राहतात, पण हवा आत जात नाही. दहा सेकंद, वीस, कधी चाळीस. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून अर्धवट जागा होतो, एका मोठ्या फुत्कारानिशी वाट उघडते आणि माणूस पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातले काहीही आठवत नाही. तासाला असे पाच प्रसंग झाले तर स्लीप अ‍ॅप्निया, पंधरापासून मध्यम, तीस किंवा जास्त तर तीव्र.

इथे भाराचा वाटा उघड आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये चार वर्षांच्या अंतराने केलेल्या मोजणीत आढळले की वजन दहा टक्क्यांनी वाढले तर हे प्रसंग ३२ टक्क्यांनी वाढतात आणि दहा टक्क्यांनी घटले तर २६ टक्क्यांनी कमी होतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २०२० सालच्या अभ्यासात वजन उतरल्यावर नेमक्या कोणत्या बदलामुळे झोपेतला श्वास सुधारला, हे एमआरआयने पाहिले. जिभेतली चरबी कमी होणे हे सर्वांत मोठे कारण निघाले. हा भागही वजनकाटा दाखवत नाही.

आता चक्राची दुसरी बाजू. रात्रभर ऑक्सिजन उतरणे आणि चढणे, हे सतत कमी ऑक्सिजनमध्ये राहण्यापेक्षा वेगळे आहे. डब्लिनच्या संशोधकांनी २००५ साली प्रयोगशाळेतल्या पेशींना असे झोके दिले, तेव्हा दाहाची जनुके चालू करणारी एनएफ-कप्पा-बी ही यंत्रणा जागी झाली. म्हणजे झोपेतला बिघडलेला श्वास स्वतःच दाह निर्माण करतो. चरबीच्या फुगलेल्या पेशी आधीच ऑक्सिजनसाठी हपापलेल्या असतात, त्यांनाही हे झोके बसतात. झोप तुटल्याने दिवसा पेंग येते, हालचाल कमी होते, आणि अपुऱ्या झोपेत भूक वाढवणारी संप्रेरके वर जातात.

हे चक्र इतके सरळ असते तर एकाच जागी तोडले की पुरे झाले असते. ते तसे नाही, आणि माझ्या युक्तिवादाचा मुख्य आधार इथेच आहे. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली मांडलेले सीपॅप मशीन नाकावाटे दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवते आणि अ‍ॅप्निया जवळपास थांबवते. मग त्याने दाहही थांबायला हवा. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मध्यम ते तीव्र अ‍ॅप्निया, लठ्ठपणा आणि वाढलेला सीआरपी असलेल्या १८१ जणांचे तीन गट केले: एकाला सीपॅप, दुसऱ्याला वजन घटवण्याचा कार्यक्रम, तिसऱ्याला दोन्ही. २४ आठवड्यांनी पाहिले तर नुसत्या सीपॅपने सीआरपी हलला नाही. वजन घटवलेल्या दोन्ही गटांत तो उतरला. पण रक्तदाबाच्या बाबतीत, ज्यांनी उपचार नेमाने पाळले त्यांच्यात, दोन्ही एकत्र घेणाऱ्यांना एकेकट्या उपचारापेक्षा जास्त फायदा झाला. अर्थ उघड आहे. मशीन घसा सांभाळते, चरबीतला दाह नाही. वजन घटवणे दाहावर चालते, पण ते परिणाम दाखवेपर्यंत रोज रात्रीचे झोके चालूच राहतात. आणखी एक खटकणारी गोष्ट: सीपॅप सुरू केलेल्यांचे वजन सरासरीने किंचित वाढते. म्हणजे झोप सुधारली की वजन आपोआप उतरेल, हाही एक भाबडा आशावादच.

४. दमा या एका नावाखाली

लठ्ठ व्यक्तीला शिटीसारखा आवाज येऊन धाप लागली की हातात पंप येतो. इथे दोन उलट चुका होतात. पहिली, दमा नसताना दम्याचे औषध. कॅनडात २००८ साली, डॉक्टरांनी दमा सांगितलेल्या लोकांची पद्धतशीर तपासणी झाली, तेव्हा लठ्ठ आणि बिगर-लठ्ठ अशा दोन्ही गटांत साधारण तीस टक्के लोकांना दमा नव्हताच. दुसरी, दमा असताना ‘हे वजनामुळे आहे’ म्हणून दुर्लक्ष. दोन्ही चुकांचे मूळ तेच, न मोजता बोलणे.

लठ्ठ व्यक्तींतला दमा हा एकच आजार नाही, हे गेल्या दोन दशकांत स्पष्ट होत आले आहे. एक प्रकार लहानपणापासूनचा, अ‍ॅलर्जीचा. त्यात पुढे वजनाची भर पडते आणि तो चिघळतो. दुसरा चाळिशीच्या आसपास येतो, बायकांत जास्त दिसतो, अ‍ॅलर्जीच्या खुणा कमी असतात आणि पंपातल्या स्टेरॉइडला तो नीट दाद देत नाही. त्या वयाच्या बाईला ‘मेनोपॉज असेल, टेन्शन असेल’ असे ऐकावे लागते ते वेगळेच. २०१६ साली अमेरिकेत दम्याच्या रुग्णांच्या रक्तातला आयएल-६ मोजला गेला. ज्यांच्यात तो जास्त होता त्यांची फुफ्फुसे अधिक कमकुवत आणि झटके अधिक होते. त्यांतले बहुसंख्य लठ्ठ होते, पण सगळे नव्हते. वजनाची चाळणी लावली असती तर हे उरलेले निसटले असते.

भाराच्या बाजूने सर्वांत जोरदार पुरावाही दम्यातूनच येतो, आणि तो टाळून चालणार नाही. २०११ सालच्या एका अभ्यासात दमा असलेल्या स्थूल रुग्णांवर वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झाली. वर्षभराने त्यांच्या श्वासनलिकांची चिडखोर वृत्ती कमी झाली होती, पण फुफ्फुसातल्या दाहाच्या खुणा काही कमी झाल्या नव्हत्या. मग दाह कशाला मध्ये आणायचा? भार उतरला, श्वास सुधारला, संपले. पण त्याच अभ्यासातला एक तपशील या निष्कर्षाला अडवतो. चिडखोरपणा ज्यांच्यात ठळकपणे उतरला ते कमी आयजीई असलेले, म्हणजे अ‍ॅलर्जी नसलेले रुग्ण होते. अ‍ॅलर्जी असलेल्यांचेही वजन उतरले, त्यांना तसा फायदा झाला नाही. सगळा खेळ भाराचा असता तर किलो उतरल्यावर दोघांनाही सारखा गुण यायला हवा होता. कोणाच्या दम्यात भाराचा वाटा किती आणि दाहाचा किती, हे रुग्णागणिक ठरते. ते ठरवायला इओसिनोफिल, आयजीई आणि औषधाआधी-नंतरची स्पायरोमेट्री या तपासण्या लागतात, ज्या आता बहुतेक जिल्ह्यांच्या गावी होतात.

५. जागेपणी मंदावलेला श्वास

सर्वांत धोकादायक आणि सर्वांत दुर्लक्षित विकार तिसराच आहे. १९५६ साली चार्ल्स बर्वेल आणि सहकाऱ्यांनी एका अतिस्थूल, सतत पेंगणाऱ्या रुग्णाचे वर्णन केले आणि डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मधल्या झोपाळू जाड्या पोरावरून या विकाराला पिकविकियन असे नाव दिले. या रुग्णांच्या रक्तात जागेपणीही कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या ४५ मिलिमीटरच्या वर असतो. भार हे कारण पुरेसे असते तर त्या वजनाच्या प्रत्येकाला हा त्रास झाला असता. तसे होत नाही. बहुसंख्य अतिस्थूल लोक श्वासाचा वेग वाढवून वायू बाहेर टाकतात. काहींच्या मेंदूकडून तो हुकूमच सुटत नाही. का, याचा एक धागा लेप्टिनपाशी जातो. लेप्टिन भूक आवरते, तसेच श्वासाला चालना देते. जन्मतः लेप्टिन नसलेले उंदीर मंद श्वास घेतात आणि लेप्टिन दिल्यावर सुधारतात. स्थूल माणसात लेप्टिन भरपूर असते, पण मेंदू त्याला दाद देईनासा होतो.

अमेरिकेतल्या डेन्व्हर इथे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णालयात दाखल झालेल्या, बीएमआय ३५च्या वरच्या रुग्णांत ३१ टक्के लोकांना हा विकार निघाला. त्यांतल्या फार थोड्यांना त्यावर नेमके उपचार मिळाले होते. अठरा महिन्यांत त्यांच्यापैकी २३ टक्के दगावले. तितक्याच स्थूल पण हा विकार नसलेल्यांत हे प्रमाण नऊ टक्के होते. पुष्कळदा त्यांच्या कागदांवर सीओपीडी किंवा हृदयविकार लिहिलेला असतो. ऑक्सिजन कमी दिसला म्हणून नुसता ऑक्सिजन जोरात लावला तर यांचा श्वास आणखी मंदावून कार्बन डायऑक्साइड चढू शकतो. त्यांना दाबाने श्वास देणारे मशीन लागते. संशय घ्यायला महागडी तपासणीही लागत नाही. रक्तातले बायकार्बोनेट २७च्या खाली असेल तर हा विकार असण्याची शक्यता कमी. २७ किंवा वर असेल तर धमनीतल्या रक्ताची तपासणी करावी. ‘वजन उतरवा’ एवढे सांगून घरी पाठवलेल्यांत असे रुग्ण असतात.

६. पुण्यातले आकडे

लठ्ठपणा म्हणजे नजरेत भरणारी जाडी, हा आपल्याकडचा आणखी एक गैरसमज. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन यडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपापली मोजमापे शेजारी छापली. दोघांचाही बीएमआय २२.३. यडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या अभ्यासात याज्ञिकांच्या गटाने दाखवले की आपली बाळे इंग्लंडच्या बाळांपेक्षा हलकी जन्मतात, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने टिकून असते. कमी असतात ते स्नायू आणि अवयव. म्हणूनच भारतीयांसाठी २००९ सालच्या तज्ज्ञ-सहमतीने बीएमआय २३ला जादा वजन, २५ला लठ्ठपणा आणि कमरेचा घेर पुरुषांत ९०, बायकांत ८० सेंटिमीटर अशा मर्यादा ठरवल्या.

श्वासाच्या बाबतीत याचा अर्थ गंभीर आहे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उडवाडिया यांच्या २००४ सालच्या अभ्यासात ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांपैकी १९.५ टक्क्यांचा श्वास झोपेत बिघडत होता आणि ७.५ टक्क्यांना दिवसाच्या लक्षणांसह स्लीप अ‍ॅप्निया होता. शस्त्रक्रियेआधी अ‍ॅप्निया ओळखायची जगभर चालणारी प्रश्नावली मात्र बीएमआय ३५ ओलांडल्यावरच गुण देते. सुटलेले पोट, जाड मान आणि बीएमआय २७ असलेला, आपल्याकडे ज्याला ‘खात्यापित्या घरचा’ म्हणतात असा माणूस त्या रकान्यात शून्यावर राहतो आणि भूल देताना अडचण येते. भाराचा सिद्धांत स्थूलांवर अन्याय करतो तसा तो न-स्थूल दिसणाऱ्यांना फसवतोही.

७. तीन आक्षेप

पहिला आक्षेप शास्त्रीय आहे: सीआरपी हे नुसते चिन्ह असेल, कारण नसेल. याला दुजोराही आहे. सीआरपी जन्मतः जास्त ठेवणारी जनुके असलेल्यांना हृदयविकार जास्त होत नाही, हे मोठ्या अभ्यासात दिसले आहे. तीव्र दम्यात टीएनएफ रोखणाऱ्या गोलिमुमॅबची चाचणी फायदा न दिसल्याने आणि संसर्ग व कर्करोगाच्या काळजीने थांबवावी लागली. या आक्षेपातला खरा भाग मी मान्य करतो, आणि तो बाजारालाही लागू आहे. दाह हा शब्द गाजल्यापासून हळदीच्या कॅप्सूल आणि ‘दाहशामक’ आहार खपू लागले आहेत. त्यांनी श्वास सुधारतो असा पुरावा नाही. प्राणायामाने धाप हाताळणे सोपे जाते, पण झोपेत मिटणारा घसा तो उघडत नाही. मात्र एक रसायन दाबून गुण आला नाही म्हणजे दाहाची भूमिका खोटी ठरत नाही. डझनभर संदेशांचा कारखाना चालू ठेवून त्यातला एक अडवला, एवढेच त्यातून कळते. कारखाना लहान केल्यावर, म्हणजे चरबी घटल्यावर, सीआरपी आणि श्वास दोन्ही सुधारतात, आणि नुसता श्वास सुधारल्याने सीआरपी हलत नाही. चिन्ह-कारणाचा वाद मिटो न मिटो, उपचाराची दिशा यातून ठरते.

दुसरा आक्षेप नैतिक: हे सगळे म्हणजे खादाडपणाला सबबी शोधणे. या आक्षेपाला फार वेळ देण्याची गरज नाही. धाप लागणाऱ्याने व्यायाम करावा हे बरोबरच. पण बसल्या जागी ऑक्सिजनचा मोठा वाटा श्वासावर खर्चणाऱ्या माणसाला श्वासाची मदत न देता व्यायाम सांगणे म्हणजे तो सोडून देईल याची तजवीज करणे. शिवाय २०२४ साली झुरिकच्या संशोधकांनी दाखवले की वजन उतरल्यावरही चरबीच्या पेशींत लठ्ठपणाच्या रासायनिक खुणा शिल्लक राहतात. वजन परत चढते तेव्हा सगळा दोष इच्छाशक्तीच्या माथी मारता येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत ताजा आणि व्यवहारी: शेवटी इलाज वजन घटवणे हाच ना? आणि आता तर इंजेक्शने आली. टर्झेपॅटाइड २०२५च्या मार्चपासून भारतात मिळते. २०२४च्या चाचण्यांत वर्षभरात वजन १८ ते २० टक्क्यांनी उतरले, सीआरपी घटला आणि तासाला पन्नासच्या आसपास असलेले अ‍ॅप्नियाचे प्रसंग २५ ते २९ने कमी झाले. हा निकाल मोठा आहे आणि माझ्या म्हणण्याला तो पूरकच आहे. पण तो नीट वाचावा. पन्नासातून पंचवीस गेले तर पंचवीस उरतात, आणि ती अजूनही मध्यम तीव्रताच आहे. सुमारे निम्मे लोक मशीन लागणार नाही अशा पातळीला पोचले. उरलेले पोचले नाहीत. औषध थांबवल्यावर बरेचसे वजन परत चढते, हे वेगळ्या चाचणीत दिसले आहे. आणि हा गुण यायला वर्ष लागले. त्या वर्षातल्या रात्रींचे काय करायचे, हा प्रश्न ‘आधी वजन’ म्हणणारे विचारतच नाहीत. म्हणून इंजेक्शन चालू असताना मशीनही चालू राहायला हवे, आणि पट्ट्याची दोन भोके आत आली म्हणून ते माळ्यावर टाकण्याआधी झोपेची तपासणी पुन्हा करून घ्यायला हवी. कारण वजन किती उतरले ते आरशात दिसते. जिभेत आणि श्वासनलिकेच्या भिंतीत किती उरले आहे, ते दिसत नाही.